चौथ्याचा आवाज

"थांबा, बोलतंय." असं म्हणून चाचा एक बोट वर करायचे. रबरी नळीचं एक टोक कानात, दुसरं चालू इंजिनापाशी. हवा आत ओढताना जो सूंसूं आवाज येतो, त्यावरून ते इंजिनाचं दुखणं सांगायचे. तुमच्याकडेही असा एखादा मिस्त्री असेल. आमचा चौक गावाजवळ, जुन्या हायवेला होता.

मी टेंपोच्या क्लीनरपासून सुरुवात केलेला माणूस. आज माझ्या खडी-रेतीच्या गाड्या चालतात, आवाज मात्र तेव्हाचाच राहिला. घरी, कचेरीत, सगळे म्हणतात, जरा हळू बोला. चाचा कधी म्हणाले नाहीत. मी तणतणत गॅरेजात शिरलो की त्यांचा चेहरा उजळायचा. "या शेठ, बोला!"

कळंबच्या एका बंगलेवाल्याशी तीन महिने घासाघीस करून मी त्याची जुनी लाल स्पोर्ट्स कार घेतली. तिच्या चार सिलिंडरना मिळून हवा सोडणारा थ्रॉटल एकच. मला चार हवे होते, प्रत्येकाला आपला वेगळा. पाय दाबला की गाडी उसळली पाहिजे. चाचांनी पनवेलच्या एका डॉक्टरांची गाडी पूर्वी अशी केली होती. ती घाट चढतानाचा आवाज माझ्या डोक्यातून जात नव्हता.

मी चार थ्रॉटलचा जुना संच मिळवून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी एकेक झडप बोटाने उघडून पाहिली, पोरांची नाकं पुसावीत तशी फडक्याने पुसली.

"वर पळेल, पन खाली ट्राफिकमधी धक्के खाईल. आनि चौघांनी सारखा श्वास घ्यायला पायजे. एक मागं राहिला तरी गाडी रडते."

"मग लावा ना सारखं! डॉक्टरची केलीत ना?"

"तवा केली."

"हवा मोजायचं मीटर आणून देतो."

"मीटर आना, मग मिस्त्री पन मीटरचाच बगा."

मी आवाज चढवला. त्यांनी संच फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. "शेठ, एकच तोंड बरं. तुमचं एक हाय, तेच किती हाय!"

गॅरेजातले सगळे हसले. एरवी मीही हसलो असतो. त्या दिवशी लागलं. डॉक्टर शिकलेला, मी क्लीनर, म्हणून मला नाही म्हणतात, असं मी मनात धरलं. चार महिने तिकडे फिरकलो नाही. लोधिवलीला माल टाकायला जाताना गॅरेज आलं की मान दुसरीकडे.

तेवढ्यात चाचा गेले. मला आठवड्याने कळलं. घरी गेलो आणि नेहमीच्याच आवाजात विचारपूस केली, तशी चाची ओढणी डोळ्यांना लावून हसली.

"असंच बोला, शेठ. दोन वरसं त्यांना बाकी कुनाचं नीट ऐकू येत नव्हतं. तुमचं यायचं. घरी येऊन सांगायचे, आज शेठ आलावता, पोटभर बोललो."

"आणि माझी गाडी?"

"डॉक्टराची गाडी परत जुळवायला आलीवती, तवा कळलं त्यांना. तीन ऐकू आले, चौथ्याचा आवाज आलाच नाय. तुमची बिघडवायची नव्हती. तुमाला परत पाठवलं, त्या दिवशी जेवले नायत."

राग मला आजही आहे. एवढं सांगायला काय झालं असतं? नळी मी कानाला लावली असती, स्क्रू त्यांनी फिरवला असता. चौथा काय म्हणतो ते मी ओरडून सांगितलं असतं. या कामात मला जमण्यासारखं तेवढं एकच होतं.

चाचीने नळी मला दिली. कानाकडचं टोक झिजून गुळगुळीत झालं होतं.

परत येताना गॅरेजच्या बंद शटरसमोर मी ती लाल गाडी लावली, बॉनेट उघडलं, इंजिन चालूच ठेवलं आणि नळी कानात धरली. एकच थ्रॉटल, एकच सलग सूं. संच अजून माझ्या माळ्यावर आहे, त्याच फडक्यात.

"चाचा, एकच तोंड बरं हाय!" मी शटरकडे बघून ओरडलो.

पलीकडच्या टपरीवाल्याने वळून पाहिलं. पाहू दे. हळू बोललो असतो, तर त्यांना ऐकू गेलं नसतं.