हाव म्हणणाऱ्यांचा फोटो

लातुरात एकेकाळी करीमभाईंच्या स्टुडिओत फोटो काढल्याशिवाय पोरीचं लग्न जमत नव्हतं. पुढं घरोघरी मोबाइल आले आणि करीमभाई माश्या मारत बसले. गल्लीत शिकवण्यांचा नुसता सुळसुळाट. बायकोनं, जाहिदाभाबींनी, निर्वाणीचं सांगितलं, "अजी, कॅमेरा पेटीत ठेवा, झेरॉक्सचं मशीन आणा. दिवाळीपर्यंत बघते मी." करीमभाईंच्या जिव्हारी लागलं. झेरॉक्स? ही काय कला झाली?

तेवढ्यात शेजारच्या नरसिंग सरांचा निरोप आला. शिकवणीच्या नव्या इमारतीपुढं सगळ्या पोरांचा फोटो काढायचा, मोठ्ठा करून चौकात लावायचा. पसंत पडला तर वर्षभराचं काम करीमभाईंना. घोळ एकच, ऊन इमारतीच्या मागून. पोरं उजळावीत तर आभाळ पांढरंफटक, आभाळ जपावं तर पोरं कोळसा.

पण करीमभाईंनी मोबाइलवर बघून एचडीआर नावाची नवी विद्या उचलली होती. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवायचा. एक फोटो अंधारा, एक बेताचा, एक लख्ख, असे तीन काढायचे आणि कॉम्प्युटरवर एकमेकांत मिसळायचे. आभाळ पहिल्याचं, चेहरे तिसऱ्याचे. फक्त तिन्ही वेळा कुणी तसूभर हलायचं नाही.

पोरं उभी राहिली, मधोमध सर. मेसमध्ये भाकरी थापणाऱ्या कोंडाबाईंनाही सरांनी कडेला उभं केलं.

"हालू नका!" करीमभाई ओरडले.

"हाव!" अख्ख्या शिकवणीनं होकार दिला आणि मान डोलवली. आता तुम्हीच सांगा, मराठवाड्याचा माणूस नुसत्या तोंडानं हाव म्हणतो का? मान खाली गेल्याशिवाय त्याचा हाव बाहेरच पडत नाही.

"अरे, हालू नका म्हणलं ना!"

"हाव हाव!"

शेवटी सरच मागं वळून डाफरले, "कळतंय का रे?"

"हाव सर!" तीन हावांत तिन्ही फोटो निघाले.

संध्याकाळी सरांच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर फोटो उघडला. आभाळ काय निळं, वा! खाली मात्र प्रत्येक पोराला तीन हनुवट्या आणि सरांना दोन नाकं.

"करीमभाई, फोटो काढला का भूकंप केला?" सर गरजले. आणि जीभ चावली. चहा घेऊन कोंडाबाई दारातच उभ्या होत्या, किल्लारीकडच्या.

करीमभाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी बोलायचं म्हणून ते म्हणाले, "कोंडाबाई तेवढ्या साफ आल्या. बाई, तुम्ही कशा काय न्हाई हालल्या?"

"माही लेक राजकन्या हालली हुती," कोंडाबाई म्हणाल्या. "जत्रंत फोटू काढला, पुसट आला. म्या म्हनलं, असला नगं, दिवाळीला चांगला काढू. मधीच भूकंप झाला. तवा घ्याया पायजे हुता मी, पुसट तर पुसट."

कप ठेवून त्या गेल्या. करीमभाई पुटपुटले, "उद्या पुन्हा काढतो सर. साधाच."

"न्हाई," सर म्हणाले. "हाच लावा. पोरांच्या घरी बी एकेक धाडा. आणि वर्षभर तुम्हीच या."

चौकात फोटो लागला आणि लोक हसून हसून बेजार झाले. लोह्याहून आलेली रुक्मिणबाई मात्र उन्हात वर केलेली मान खालीच घेईना. जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून सांगत होती, "त्यो बघा, तीन हनुवट्यांचा. त्यो माहा गोलू."