नहरीवरची काळी माती

पाचोडचा आठवडी बाजार उठला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी औरंगाबादची मोटार धरली. घरी "कामाला जातो" एवढेच सांगितले. माझ्याकडून याहून जास्त ऐकायची घरच्यांना सवय नाही.

शेजारी मिरच्यांचा व्यापारी बसला होता. पोते आम्हा दोघांच्या पायांत. बराच वेळ माझ्याकडे बघून तो म्हणाला, "साहेब, शिंकताय का रडताय?"

"दोन्ही."

"मग माल चांगला हाय म्हणायचा."

अडूळच्या अलीकडे मोटारीचे पाणी उकळले. ड्रायव्हर डबा घेऊन विहीर शोधायला गेला आणि आम्ही उतारू लिंबाखाली उभे राहिलो. दोन्हीकडे काळे रान. वैशाखात ते असे फाटते, की भेगेत कोपरापर्यंत हात जावा. मी त्या भेगांकडे इतका वेळ पाहत राहिलो, की मिरचीवाल्याने "साहेब, जमीन घ्यायचा इचार हाय का?" असे विचारले. मी नकारार्थी मान हलवली. घ्यायची नव्हती, परत द्यायची होती.

ते आता सांगतोच. आमच्याकडे नहर (जमिनीखालून नेलेली पाण्याची वाट) म्हणजे डोंगराच्या पोटातले पाणी शहरात आणण्यासाठी खाणीसारखा खोदत आणलेला बोगदा. खाली पाणी वाहते, वर शेते पिकतात. कुठे बोगद्याचे छत खचले, की वरची जमीन बसते. तो खड्डा बुजवून रान पुन्हा नांगरण्याजोगे झाले की नाही, हे पाहणे हे ओव्हरशियर म्हणून तेव्हा माझे काम होते; पुढे त्याच खात्याने माझी बदली पाचोडला केली.

काही वर्षांपूर्वी नहरीवरच्या एका वाडीत इब्राहीमभाईंच्या शेतात असा खड्डा पडला. बुजवण्याची रीत ठरलेली आहे. छतावर फरशा, त्यावर दगड, मग मुरमाचे थर. प्रत्येक थर भिजवून धुमसाने (जड लाकडी ठोकळ्याने) ठोकायचा, आणि अगदी वर हातभर काळी माती. पण इब्राहीमभाई म्हणाले, "मुरमात काय उगवंल, साहेब? काळीच भरा की समदी." काळी माती बांधालाच होती, मुरूम डोंगरावरून आणावा लागला असता. माणसाचे मन राखल्यासारखे झाले आणि माझी दगदगही वाचली. भाद्रपदात मी पाहणी केली. माती पावसाने फुगलेली, रान तळहातासारखे सपाट. "चालवा नांगर," मी म्हणालो. ही माती उन्हाळ्यात आकसते हे मला ठाऊक नव्हते असे नाही.

चैत्रात नांगरताना जमीन फाटली. एक बैल गेला. इब्राहीमभाईंचा पाय मोडला तो कायमचा. चौकशीत मला विचारले तेव्हा मी म्हणालो, "त्यांनी नांगर खोल घातला." त्या एका वाक्याने दोष त्यांच्यावर गेला आणि नहरीवरचा तो पट्टा त्यांच्याकडून काढून घेतला गेला. आता तो कायमचा सरकारजमा करायचा की कसे, हे ठरवायला हैदराबादहून नवा मुहंदिस (बांधकामाचा मोठा साहेब) येणार होता. त्याच्या आधी मला पोचायचे होते.

दुपारी औरंगपुऱ्यात उतरलो. खानावळीतले पाणी गार होते. नहरीचेच ते. जेवून टांगा केला. वाडीचे नाव सांगताच टांगेवाला म्हणाला, "वहाँ क्या है, साब? एक गड्ढा है और एक लंगडा बुड्ढा."

"उन्हींसे मिलना है," मी म्हणालो. पुढे तो घोड्याशीच बोलत राहिला.

दिल्ली दरवाज्याबाहेर शहर संपते. डोंगराच्या दिशेने शेतांतून नहरीत उतरायची दगडी तोंडे एका ओळीत दिसू लागतात. एकाशी थांबून वाकलो, तर खाली खोल पाण्याचा आवाज.

इब्राहीमभाई ओसरीवर दोर वळत बसले होते. आत पाहून म्हणाले, "सुगराबी, ओव्हरशियर साहेब आलेत. बाज टाक."

त्यांच्या बायकोने बाज टाकली आणि भाकरी, ठेचा, कांदा पुढे ठेवला. "जेवा आधी. भरल्या पोटी मानूस खोटं कमी बोलतंय."

पहिला घास गिळून मी म्हणालो, "इब्राहीमभाई, नांगर खोल नव्हता."

"मला ठाव हाय की. म्याच धरला व्हता."

"उद्या साहेबांना सांगणार आहे."

"इतकी सालं जिभेला काय फोड आला व्हता?" सुगराबीने विचारले. मी भाकरी पूर्ण खाल्ली. टाकून उठायची माझी योग्यता नव्हती.

सकाळी मुहंदिस शेतावर आला. तरुण, मोजकेच बोलणारा. जमीन खचली होती तिथे मी कुदळीने खणून दाखवले. खाली, आणखी खाली, सगळी काळीच माती. मुरमाचा खडासुद्धा नाही.

"आपने तो कहा था, हल गहरा गया."

"कहा था. झूठ था."

"नौकरी जा सकती है आपकी."

"जी. मगर जमीन का फैसला पहले हो."

त्याने खड्ड्यात उतरून मातीचे ढेकूळ हातात चुरले. मग म्हणाला, पट्टा इब्राहीमभाईंचाच राहील. मी उभा राहून खड्डा रीतीप्रमाणे भरून घ्यावा. माझे काय ते हैदराबादेत ठरेल.

वडारांना लावून काळी माती उपसली. फरशा बसल्या, दगड बसले, मुरूम आला. प्रत्येक थरात मी पहार दाबून बघे. शिरली, की पुन्हा भिजवा, पुन्हा ठोका. "साहेबाच्या अंगात आलंय," एक वडार दुसऱ्याला म्हणाला. मी पुढच्या थरात पहार रोवली.

भर वरपर्यंत आली तेव्हा इब्राहीमभाई काठी टेकत आले. "वर काळी किती?"

"हातभर."

"दोन हात टाका. तूर खोल जाती."

"हातभरच."

"मागल्या टायमाला तर लगीच ऐकलं व्हतं."

"म्हणूनच."

ते बांधावर बसले. काठी आडवी ठेवून म्हणाले, "मग जवारीच टाकतो. चालवू का नांगर, मिरगाच्या आधी?"

"नाही. एक पावसाळा जाऊ द्या. पुढच्या चैत्रात, भेगा पडायच्या दिवसांत मी येतो. तेव्हा बघू."

सुगराबी पाण्याची घागर घेऊन आली होती. "बघनार कुठनं? बांधावरनं?" तिने विचारले. "पहिलं औत तुम्ही धरा. ह्या टोकापासनं त्या टोकापातूर धड गेलात, की मग ह्यांच्या हातात देते."

"अगं, साहेबाला औत येत नाय," इब्राहीमभाई म्हणाले.

"मग शिकतील."

मी हो म्हणालो.

परतीच्या मोटारीत शेजारची जागा रिकामी होती. इतकी वर्षे ज्या वाडीचे नाव निघाले की मी उठून जात असे, ती घरापासून जेमतेम दिवसाच्या वाटेवर होती. भीतीने तिला लांब नेऊन ठेवले होते.

नोकरीचा निकाल अजून लागलेला नाही. इथे पाचोडात शेजारच्या नामदेवरावांनी मला आपल्या नांगरामागे उभे केले आहे. पहिल्या दिवशी तास (नांगराची ओळ) इतके वाकडे गेले, की बैलच थांबले. "ओव्हरशियर, रुमणं आवळू नका, दाबा," नामदेवराव बांधावरून नांगराच्या मुठीकडे बोट करून सांगतात. हाताला फोड आले आहेत. रोज सकाळी जातो.