सिनापातीचं वजन

सिनापाती एकवीस किलोंनी उतरली आणि गावानं ठरवून टाकलं की ही आता काही फार दिवस टिकत नाही.

आमच्या सामोआत बाई सुकू लागली की कारणं दोनच निघतात: एक तर रोग, नाहीतर नवऱ्याचं बाहेर लक्ष. सिनापातीचा नवरा वारून तेरा वर्षं झालेली, म्हणजे दुसरं कारण बाद. मग काय, रविवारी पाद्रीबुवांनी आजाऱ्यांच्या प्रार्थनेत तिचं नाव घेतलं. सिनापाती दुसऱ्या रांगेत ठणठणीत बसलेली! आपल्याच नावाला तिनं ‘आमेन’ म्हटलं. न म्हणून सांगते कुणाला?

सोमवारपासून घरात रीघ लागली. पाद्रीबुवांच्या बायकोनं, तुमेमानं, नारळाच्या दुधात शिजवलेल्या आळूच्या पानांचं ताट पुढ्यात ठेवलं आणि ती राखणीला बसावी तशी बसली.

“खा बाई. गालांचं काय करून घेतलंस!”

“मला काही झालेलं नाही गं.”

“असंच म्हणतात सगळे,” तुमेमा डोळे पुसत म्हणाली, “शेवटपर्यंत.”

खरं कारण सांगायची सोय नव्हती. तिचा धाकटा भाऊ पेनितोआ, दोन्ही मूत्रपिंडं गेलेली, आठवड्यातून तीन दिवस राजधानीत, आपियाच्या इस्पितळात, रक्त धुणाऱ्या यंत्रावर पडून असतो. सिनापातीचं एक मूत्रपिंड त्याला जुळत होतं. फक्त अट अशी, की वजन पंच्याण्णवच्या आत हवं. मगच न्यूझीलंडला शस्त्रक्रिया. ती होती एकशे अठरा. आधी बभ्रा नको म्हणून दोघांनी तोंड मिटून ठेवलेलं. आठ महिने कच्ची पपई आणि उकडलेला मासा खाऊन ती सत्त्याण्णववर आली. दोनच किलो राहिले!

आणि तिथंच भूक उठली. साधी नव्हे. प्रार्थना म्हणताना तिला ओळींमधून तारो, आळूचा उकडलेला कंद, दिसायचा. तुमेमाचं ताट नको नको म्हणता तिनं पुसून खाल्लं आणि दुसरं येतंय का म्हणून दाराकडे बघितलं. त्यात दर रविवारी पेनितोआकडून मानाचं म्हणून माशाचं डोकं यायचंच. आमच्यात बहिणीचा मान पहिला. तिनं परत पाठवलं तर गावात भावाचं तोंड काळं. ज्याच्यासाठी उपास, त्याचाच घास! तिनं तोही खाल्ला.

तीन महिन्यांनी आपियाच्या इस्पितळात न्यूझीलंडहून डॉक्टर आली. वाइतुसी, आमच्यातलीच पोरगी, तिकडं वाढलेली. काटा एकशे तीनवर थांबला. सिनापातीनं चपला काढल्या, कानातले काढले. काटा हलेना.

“मी चोरून खाते असं वाटतं ना तुला?”

“नाही मावशी. अंगातली चरबी नुसती पडून नसते. ती रक्तातून मेंदूला निरोप धाडते, लेप्टिन म्हणतात त्याला. कोठार भरलंय, निवांत राहा, असा निरोप. तुम्ही उतरलात तसा तो क्षीण झाला. मेंदूला वाटलं दुष्काळ पडला. तो भूक वाढवतो, अंगाचा खर्च आवळतो. वर रिकामं पोट घ्रेलिन, म्हणजे भुकेचा निरोप, सोडून बोंब मारतंच.”

“मग एकशे अठराची होते तेव्हा कुठं गेला होता निरोप?”

“येत होता. फार येत होता. सारखं तेच ऐकून मेंदू ऐकेनासा होतो.”

“म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखा.” सिनापाती हसली आणि हसता हसता तिचा आवाज फुटला. “दोष कुणाचा मग? नाव सांग. जाऊन भांडून येते.”

डॉक्टरनं काट्यावरचा आकडा कागदावर लिहून घेतला. मग म्हणाली, “सहा महिन्यांनी पुन्हा बघू.”

“त्याच्याकडं आहेत सहा महिने?”

डॉक्टरनं तिच्या चपला उचलून तिच्या पायाशी ठेवल्या.

पेनितोआ आत यंत्रावर होता, दंडातून नळ्या निघालेल्या. त्यानं विचारलं, “किती, ताई?”

“एकशे तीन.”

“बरं झालं,” तो म्हणाला. “सुकलेली बघवत नव्हतीस.” आणि तोंड भिंतीकडं वळवलं.

ती त्याच्या पायाशी बसली. सगळे पेशंट डोळे मिटून पडलेले, यंत्रं तेवढी घरघरत होती. तेवढ्यात तिचं पोट गुरगुरलं. असं मोठ्यानं, की पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं डोळे उघडले. सिनापातीनं दोन्ही हातांनी पोट दाबून धरलं. ते पुन्हा गुरगुरलं.

पेनितोआ वळला नाही. त्याचे खांदे मात्र हलत होते, आणि तो हसतोय की रडतोय हे वाकून बघायची तिची छाती झाली नाही.