गाऱ्हाण्याचा व्हिडिओ

आमच्या गटाचं पत्रक मीच लिहिलं होतं. 'मोबाईल खाली ठेवा, माणसांशी बोला.' चारकोपच्या सेक्टरांत दारोदार वाटलं. आणि आमच्याच घरात धाकटी बहीण दिवसभर भिंतीकडे तोंड करून रील्स बघत पडलेली. आधी कॉलेज सुटलं, मग जेवण. दुसऱ्यांचे चेहरे बघून बघून स्वतःचा आरशात बघवेना. डॉक्टरकडे नेऊया म्हटलं की बाबा म्हणायचे, "वेडी आहे का ती? गणपती येऊ देत, बघू."

गणपती आले. आम्ही मालवणी. आरती झाली की घरातला मोठा माणूस देवापुढे गाऱ्हाणं घालतो, घराचं जे दुखतंय ते मोठ्याने मागतो आणि जमलेले हुंकार भरतात. बाबा हात जोडून उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, माझ्या चेडवाक ह्या मोबाईलाचा याड लागला हा. जेवना नाय, बोलना नाय. तिका पयल्यासारखी कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. बाबांचा आवाज फुटला होता. बहीण तिथेच, आईच्या मागे उभी होती. काकांनी सगळं मोबाईलवर घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो व्हिडिओ तिच्या कॉलेजच्या ग्रुपवर होता. खाली हसणारे चेहरे आणि "व्हय म्हाराजा". तिने खोलीला आतून कडी लावली.

मी काकांना गाठलं. "डिलीट करा."

"केला गं. पण मी फक्त बोरिवलीच्या आत्याला पाठवलेला. तिने पुढे कुठे टाकला, मला काय ठाऊक?"

"घरातलं होतं ते, काका."

"देवासमोरचं होतं. त्यात लाज कसली?"

आत्या म्हणाली, त्याच कॉलेजात असलेल्या तिच्या मुलाने टाकला. मुलगा म्हणाला, "चिल ना ताई, दोन दिवसांत विसरतील." एकालाही वाटेना की आपण काही केलंय. बापाचं रडणं सगळ्यांनी मिळून पुढे ढकललं होतं, आणि दोष मात्र पोरीच्या मोबाईलचा.

बाबा दाराशी मोदकाचं ताट घेऊन बसले. "बाय, चुकलंय गो मी. उघड." कडी तशीच. काका तेव्हा कुठे घाबरले आणि कडी तोडायला सुताराला आणायला धावले.

मी मेसेज टाकला: व्हिडिओ मी डिलीट करायला लावतेय. तू फक्त दार उघड. निळ्या खुणा आल्या. तिच्या नावाखाली 'ऑनलाइन' दिसत होतं.

लोकांना डेटा बंद करा म्हणून सांगत फिरणारी मी त्या एका शब्दाला चिकटून बसले. तो गेला की मी दोन्ही हातांनी दार बडवायचे. परत दिसला की थांबायचे, भिंतीला टेकायचे.

"बोलली काय?" बाबांनी विचारलं.

"नाही. पण आहे," मी म्हटलं, आणि स्क्रीन विझू नये म्हणून अंगठा तसाच फिरवत राहिले.