लव्हॉन क्रेकेलबर्गचा दाखला

लव्हॉन क्रेकेलबर्ग एकतीस वर्षं आमच्या शाळेची पिवळी बस चालवत होती. त्यातली बारा वर्षं मी तिच्याच बसनं शाळेत गेलो. तेवढ्या काळात ती माझ्याशी जे काही बोलली ते बहुतेक "खाली बस" एवढंच. त्यामुळे जानेवारीतल्या एका शनिवारी ती पिस्तुलाच्या वर्गाला येऊन पहिल्या रांगेत बसली, तेव्हा कॉफी आणायला उठलेला मी आपोआप खाली बसलो.

वर्ग आर्विडमामाचा, म्हणजे माझ्या आईच्या सख्ख्या भावाचा. मिनेसोटात कोटाखाली पिस्तूल घेऊन हिंडायचं तर शेरीफचा परवाना लागतो, आणि परवान्याआधी वर्ग केल्याचा दाखला. आमच्या गावापुरता दाखला म्हणजे मामाची सही. नेम धरायला मामा तासाभरात शिकवतो. बाकीचा दिवस कायदा. अग्निशमन दलाच्या शेडमध्ये, बंबाला खेटून खुर्च्या मांडून.

"पिस्तूल काढायचं तर चार गोष्टी जुळाव्या लागतात," मामा सांगत होता. "भांडण तुम्ही उकरलेलं नको. जीव जाईल किंवा कायमचे जायबंदी व्हाल अशी भीती हवी, तीही आत्ता, या क्षणी. दुसऱ्या कशानं भागणार नाही अशी वेळ हवी. आणि पळायला वाट नको. घरात असाल तर पळायची सक्ती नाही. पण रस्त्यावर असाल आणि सुखरूप निघता येत असेल, तर निघा. लोक भित्रा म्हणतील. म्हणू देत."

लव्हॉननं हात वर केला. "मी टपाल आणायला रस्त्याच्या टोकाच्या टपालपेटीकडे चाललेय. माणूस माझ्या मागून येतोय. काय करू?"

"बाजूला हो, त्याला जाऊ दे. नाहीतर घरी परत फिर."

"घराच्या बाजूनंच येतोय तो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मांडीएवढं बर्फ."

"मग पुढे जा."

"पुढे तळं आहे, आर्विड."

"तळं तर गोठलंय. जा की चालत!" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मग एकदम कुणीच हसेना.

लव्हॉनचा नवरा ड्वेन सहा वर्षांपूर्वी त्याच तळ्यात गेला होता. मार्चअखेरीस, गाडीसकट. आमच्याकडे बर्फावर मासे धरायला जाणारा माणूस हातात पहार ठेवतो, दर दोन पावलांना ठोकून बर्फ किती जाड ते ऐकतो, आणि पुढे जातो. ड्वेन तर गावातल्या फरसबंदीवरसुद्धा ठोकत चालायचा, इतकी सवय. त्या दिवशी तेवढी पहार घरी राहिली. पुढे गाडी वर काढली. ड्वेन सापडला नाही.

"माणूस कसा आहे?" मामानं विचारलं.

"बघितला नाही. ऐकलाय. ठोकत येतो. दोनदा, मग थांबतो."

मामानं खडू खाली ठेवला.

"आणखी एक," लव्हॉन म्हणाली. ज्या आवाजात बसचे थांबे सांगायची त्याच आवाजात. "मेलेल्या माणसावर गोळी झाडली, तर गुन्हा होतो का?"

"लव्हॉन, तो मेलेला आहे हे आधी तुला कोर्टात सिद्ध करावं लागेल."

"ते कोर्टानंच केलंय. कागद आहे माझ्याकडे."

दुपारी तिनं नेम धरला. सगळ्या गोळ्या बशीएवढ्या जागेत. कायद्याच्या परीक्षेत एकही चूक नाही. संध्याकाळी मामानं सगळ्यांच्या दाखल्यांवर सह्या केल्या, मी तीन प्रश्न चुकलो होतो तरी माझ्यासुद्धा. लव्हॉनचा दाखला तेवढा सही न करता खिशात घातला.

"का?" तिनं विचारलं.

"त्या वाटेनं मासेवाले येतात. टपालवाला येतो. तू आवाजावर गोळी झाडलीस तर खाली कुणीतरी जिवंत माणूस पडेल, आणि तू उरलेलं आयुष्य तुरुंगात काढशील. कागदावर माझं नाव असेल."

"मग तू ये. तू ऐक. आणि मग ठरव."

बावीस वर्षं शिकवणाऱ्या माणसाला यावर नाही म्हणता येत नाही.

मंगळवारी साडेचारला मी मामाला तिच्या दाराशी सोडलं. त्याची गाडी थंडीनं चालू होत नव्हती. "अर्ध्या तासानं ये," तो म्हणाला. उजेड होता, पण निळसर, दुधावर साय धरते तसा पातळ. वारा अजिबात नाही. मी वळणावर गाडीत बसून राहिलो. पंचवीस मिनिटांनी पाय गारठले म्हणून उतरलो. दूर ती दोघं टपालपेटीपाशी पोचत होती. म्हटलं, हाक मारण्यापेक्षा चालत जाऊ. हात खिशात घातले आणि निघालो.

बराच जवळ पोचलो तेव्हा मी ऐकलं. टक, टक. थांबलं. लोखंडाचा आवाज, गोठलेल्या जमिनीवर. माझ्या आणि त्यांच्या मधल्या रस्त्यावर. रस्ता मोकळा होता.

पुन्हा टक, टक. त्यांच्या आणखी जवळ.

मामा गर्रकन वळला. त्याला दिसलो मी, वीस पावलांवर, उजेडाकडे पाठ, हात खिशात. बावीस वर्षांत वर्गाबाहेर मी त्याचं पिस्तूल पाहिलं नव्हतं. आता त्याच्या नळीचं तोंड पाहिलं. ते काळं आणि गोल असतं, आणि त्यात बघितलं की आपलं नाव आठवत नाही.

"मामा," म्हणायचं होतं. हात खिशातच राहिले.

"आर्विड," लव्हॉन म्हणाली. "मी बाजूला झाले. तू नाही झालास."

खरंच ती बर्फाच्या ढिगात मांडीपर्यंत उभी होती, रस्ता मोकळा सोडून. हात रिकामे.

"तो कोरी आहे," ती म्हणाली. "तुझा भाचा. सातव्या थांब्यावरचा. पिस्तूल खाली घे."

मामानं हात खाली आणला. त्याला बराच वेळ लागला. तेवढ्यात आवाज त्या दोघांच्या शेजारून पुढे जाऊन तळ्याच्या बर्फावर उतरला आणि लांब गेला. दोनदा, मग थांबून. आम्ही तिघंही उभे राहून ऐकत होतो. कुणी मान वळवली नाही.

"आत्ता जे केलंस," लव्हॉननं विचारलं, "त्याला कायद्यात काय म्हणतात?"

"गुन्हा," मामा म्हणाला.

"आणि तक्रार?"

"कोरीनं करायची."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिशातले हात बाहेर काढून दाखवले.

मामानं दाखला काढला. पेन गोठलं होतं, तोंडात धरून ऊब दिली, आणि टपालपेटीवर कागद ठेवून सही केली. सही नेहमीसारखी आली नाही. लव्हॉननं कागद निरखून पाहिला, जसा ती पूर्वी गैरहजेरीच्या चिठ्ठीवरचा मजकूर पाहायची, आणि घडी करून ठेवला. परतताना मामानं पिस्तुलातल्या गोळ्या काढल्या आणि ते माझ्या गाडीच्या डिकीत ठेवायला दिलं. ते अजून माझ्याकडेच आहे. त्यानं मागितलेलं नाही. पुढचे वर्ग शेजारच्या गावातला माणूस घेतो.

लव्हॉनचा परवाना मार्चमध्ये टपालानं आला. आला म्हणजे त्याच पेटीत आला. त्या संध्याकाळी मामाचा फोन.

"ती एकटीच गेली असेल आणायला."

"जाईना का. आता परवाना आहे."

"परवाना पेटीत आहे, गाढवा. जाऊन बघ, घरात दिवा लागलाय का."

मी गेलो. दिवा लागला होता. खिडकीत लव्हॉन बसली होती, टेबलावर लिफाफा, फोडलेला. तिनं मला पाहिलं आणि हात केला, आत ये म्हणून नाही, तर बसमध्ये खाली बस म्हणताना करायची तसा. मी गाडीतून उतरलो नाही. मामाला फोन करून सांगितलं, लागलाय दिवा.

"पायऱ्यांवर बर्फ पडलंय का ताजं?" त्यानं विचारलं.

"पडलंय."

"पावलं किती जणांची आहेत?"

मी काच वर केली, गाडी उलटी घेतली, आणि म्हणालो, "मोजली नाहीत."