नव्या गाडीचा नारळ

अबू धाबीत आल्यावर आमच्या ह्यांना गाडीचं वेड लागलं. शहाणे लोक जपानी गाड्या घेत होते. हे मात्र मुसफ्फातली गॅरेजं पालथी घालून सत्तरच्या दशकातली एक अमेरिकन गाडी घेऊन आले. लालभडक, बसकी, थेट शर्यतीतली वाटावी अशी. हा अवतार गॅरेजवाल्याने किट मागवून केला होता. जुना पत्रा काढून टाकायचा आणि त्याजागी फायबरचं कवच चढवायचं.

"अमेरिकेत धुराचे कायदे आले आणि कंपन्यांनी इंजिनांचा जीवच काढून घेतला. म्हणून ह्या गाड्यांना कोणी विचारत नाही," हे मला समजावत. "पण आत अख्खं अमेरिकन लोखंड आहे. पुढचा बंपर तर रुळासारखा!" एवढं धूड, पण साध्या फ्लायओव्हरवर धापा टाकायचं. बोलायची सोय नव्हती, इंजिनियर माणूस ना!

दसऱ्याला दिरांकडे दुबईत देऱ्याला जेवायला जायचं होतं. निघण्याआधी बिल्डिंगच्या मागे पूजा मांडली. सहा वर्षांची लेक पुढची सीट अडवून आधीच आत बसली होती. मी हळदकुंकू वाहिलं, चाकांखाली लिंबं ठेवली. नारळाचा मान साताऱ्याहून आलेल्या सासऱ्यांचा. त्यांच्याकडे जीप होती, आणि दर दसऱ्याला ते तिच्या बंपरवरच नारळ फोडत. तरी हात उचलून ते थांबले.

"अरे, चालेल ना?"

"हाणा बाबा, जोरात!"

नारळ फुटलाच नाही. गाडीचं नाक फोडून तो आत गेला आणि खालून अख्खाच्या अख्खा बाहेर घरंगळला.

"आबा, यू ब्रोक डॅडीज कार!" लेक आतून ओरडली.

"मी तर बेतानंच मारला रे," सासरे पुटपुटले.

ह्यांनी भोकात कोपरापर्यंत हात घातला, चाचपडले. लोखंड कुठेच लागेना. तिथूनच गॅरेजवाल्याला मोबाइल लावला. तो थंडपणे म्हणाला, "साब, बंपर तो निकालना ही पड़ता है, नहीं तो किट का मुँह फिट नहीं होता. सब निकालते हैं. यल्ला, ले आओ, पॅच मार देंगे."

ह्या पुठ्ठ्याच्या तोंडामागे माझी लेक बसली होती, आणि समोर दुबईचा हायवे होता! मी तोंड सोडणारच होते, इतक्यात ह्यांनी दार उघडून तिला उचललं.

"काल हिला हसवायला म्हणून मी एकशेचाळीसनं पळवली गं," हे म्हणाले. लेक खाली उतरायला हातपाय झाडत होती, तरी हे तिला सोडेनात.