उपवासाला डाळ कशी चालेल?

फॉर्ममध्ये आजारांची यादी होती आणि प्रत्येक आजारासमोर ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोन चौकोन. मी वरपासून खालपर्यंत ‘नाही’वर खुणा करत गेलो. हृदयविकार? नाही. रक्त पातळ करणारी औषधं? नाही. गेल्या दोन वर्षांत हॉस्पिटलात भरती? नाही. ही तिन्ही उत्तरं खोटी होती. त्याच्या दीडच वर्ष आधी माझ्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला होता. इथे आखातात, जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडायच्या आधी मी हे खोटं चार मिनिटांत भरून टाकलं आणि देवीचं नाव घेऊन ‘सबमिट’ दाबलं. खोटं बोलताना माणूस निदान देवाला तरी बाजूला ठेवतो. मी तिला साक्षीला घेतलं होतं. हे आठवलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

फॉर्म ट्रेकचा होता. इथिओपियातल्या बाले पर्वतात सहा दिवस चालायचं, बरोबर वाटाड्या, स्वयंपाकी, सामानाला घोडे, आणि मुक्काम चार हजार मीटरवरच्या पठारावर. बेत माझा मित्र सुहास याचा. तो आमच्या शेजारच्याच टॉवरमध्ये राहतो. आम्ही चौघे मराठी, थंडीच्या दिवसांत शनिवारी खोर फक्कानकडच्या डोंगरांत चालायला जातो. स्टेंटची गोष्ट मी या तिघांना कधी सांगितली नव्हती. ऑफिसात कळलं तर नोकरीवर गदा येईल या भीतीने मी सगळीकडे ‘पित्ताचे खडे काढले’ असंच सांगत आलो होतो. बायकोला, सुजाताला, अर्थात सगळं माहीत होतं. पण हा ट्रेक किती उंचीवरचा आहे हे तिला मी सांगितलं नाही. ‘अगं, आपल्या खोर फक्कानसारख्याच टेकड्या,’ एवढंच म्हणालो. मुलीने मोबाइलमधून मान वर करून विचारलं, “बाबा, इज इट सेफ?” मी म्हणालो, “अगदी.”

इतकं खोटं का, तर त्यामागे नवस होता. ऑपरेशनच्या टेबलावर आडवा असताना मी आमच्या कुलदेवीला म्हणालो होतो, ‘आई, यातून उठव, नवरात्रात नऊ दिवस उपवास करून पायी तुझा डोंगर चढेन.’ तिने उठवलं. पहिल्या नवरात्रात ऑफिसचं ऑडिट निघालं. दुसरं जवळ आलं तेव्हा सुहासने या ट्रेकच्या तारखा पाठवल्या आणि त्या बरोबर नवरात्रातल्याच निघाल्या. मला तो कौल वाटला. डोंगर तो डोंगर, देवी काय एकाच डोंगरावर असते? उपवास होईल, चढण होईल, मित्रांबरोबर सुट्टीही होईल. सुहासला मी नवसाबद्दल सांगितलं, कशासाठी बोललो ते नाही. तो हसत म्हणाला, “म्हणजे देवीची पण ट्रान्सफर केलीस? यल्ला, चला, आता तिचा व्हिसा कोण काढणार?” मी हसलो नाही. मला त्याचा राग आला, कारण त्याने नेमकं वर्मावर बोट ठेवलं होतं.

फॉर्मच्या शेवटी खाण्यापिण्याचा रकाना होता. तिथे मी लिहिलं, ‘फास्टिंग.’ आमची वाटाडी हिरुत नावाची बाई होती, अदिस अबाबाची, तिथल्या जुन्या ख्रिस्ती पंथातली. तिचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं: काही काळजी नको, उपवासाचं जेवण आम्हाला उत्तम जमतं. खाली यादी होती. मसुराची तिखट आमटी, चण्याच्या पिठाचं कालवण, आंबवलेल्या पिठाची मोठी धिरडी. मी वाचून उडालोच. उपवासाला डाळ! मी कळवलं की उपवास नऊ दिवसांचा आहे, डाळ नको, धान्य नको; साबुदाणा, वरीचे तांदूळ आणि दाण्याचं कूट मी बरोबर आणेन, स्वयंपाक्याला फक्त बटाटे आणि दूध ठेवायला सांगा. तिने लिहिलं, डाळ काढली, आणि चुकून आलेलं दूधही काढलं आहे. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी दुपारी मी चिडून ऑफिसातून खाली उतरलो आणि तळ्याकाठच्या वाटेवर फेऱ्या मारत तिला फोन लावला. आम्ही दोघेही इंग्रजीतच बोलत होतो, मोडक्यातोडक्या.

“दूध का काढलंत?”

“कारण तुमचा उपवास आहे.”

“उपवासाला दूधच चालतं हो! डाळ चालत नाही.”

“दूध?” तिचा आवाज एकदम चढला. “दूध जनावराचं असतं. दूध पिऊन कसला उपवास? आणि डाळीने काय पाप केलंय?”

“आमच्यात पूर्वीपासून असंच आहे.”

“आमच्यातही पूर्वीपासूनच आहे. तुमच्याहून जास्त दिवस उपवास करतो आम्ही.”

मी काहीतरी लागट बोललो. काय ते लिहायची लाज वाटते. ती खालच्या आवाजात म्हणाली, “माफ करा. आज बुधवार, माझाही उपवास आहे. सकाळपासून पोटात काही नाही, म्हणून भांडले. तुमचं तुम्ही आणा, आम्ही शिजवू. एक विचारू? मी उपवासवाल्या सगळ्यांना विचारते. नऊ दिवस कुणी सांगितलेत तुम्हाला?”

“कुणी नाही. मीच बोललो.”

“तुम्हीच? आमच्याकडे प्रत्येक घराचा एक पाद्री असतो. आपण आजारी असलो तर तो आपल्याला उपवासातून मोकळं करतो. तुम्हाला मोकळं करायला कुणी आहे?”

फॉर्मवर ‘नाही’ लिहायला मला काहीच जड गेलं नव्हतं. पण एक अनोळखी बाई, उपाशीपोटी, मनापासून विचारत होती, आणि माझ्या तोंडून ‘मी आजारी नाही’ हे शब्द निघेनात. ऊन डोक्यावर होतं. पाठीमागे कुणीतरी ‘हबीबी, हबीबी’ करत फोनवर बोलत गेला. मी म्हणालो, “माझ्या हृदयात स्टेंट आहे. मी खोटं लिहिलं.”

ती लगेच म्हणाली, “मग मी तुम्हाला वर नेणार नाही.” आवाजात राग नव्हता. “कोरा फॉर्म पाठवते. खरा भरा, डॉक्टरांची सही आणा. त्यांनी हो म्हटलं तर बघू.”

मला त्या क्षणी कृपाबिपा काही वाटलं नाही हे इथे स्पष्ट लिहितो. संताप आला. ही कोण मला अडवणारी? माझा नवस, माझी देवी, माझी छाती! देवाचे अनुभव सांगणारे लोक म्हणतात की अशा वेळी अंगावर शहारा येतो, डोळे भरून येतात. माझ्या कानशिलात नुसतं घणघणत होतं. बाकावर बसून मी देवीवरच चिडलो. तुला कबूल केलेलं पुरं करायला निघालो, तर वाट अडवतेस? बराच वेळ असं तिला बोलून झाल्यावर मला माझंच बोलणं ऐकू यायला लागलं. ठरलेला माल दुसऱ्या बंदरात उतरवून वर पावती मागणाऱ्या माणसासारखा मी भांडत होतो. शिपिंगमध्ये बावीस वर्षं काढली मी, अशा माणसांशी रोज बोलतो, आणि त्यांचा मला तिटकारा आहे.

मी ऑफिसात परत गेलो नाही. घरी जाऊन सुजाताला सगळं सांगितलं, उंचीसकट. ती भाजी निवडत होती. तिचे हात थांबले.

“चार हजार मीटर,” ती म्हणाली. “आणि मला काय सांगितलंत? टेकड्या.”

“नवस होता गं.”

“नवसाचं नाव घेऊ नका! देवीला सतरा गोष्टी कबूल करता. मला एक खरी गोष्ट कबूल करता आली नाही तुम्हाला?” मग ती रडली, आणि रडता रडता म्हणाली, “ती बाई भांडली नसती तर मला कुणी कळवलं असतं? सुहासने?”

सुहास तर फोनवर ओरडलाच. “पित्ताचे खडे म्हणालास तू! वर आडवा पडला असतास तर घोड्यावर बांधून आणायचं होतं का तुला आम्ही?” त्याचंही खरं होतं. माझ्या भक्तीत मी तीन मित्रांनाही ओढलं होतं आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

आठवड्याभराने डॉक्टरांनी ट्रेडमिलवर चालायला लावलं आणि चौथ्या मिनिटाला यंत्र बंद केलं. पुढच्या तपासणीत दुसऱ्या एका वाहिनीत अडथळा निघाला. त्यावर इलाज झाला. वर गेलो असतो तर काय झालं असतं, मला माहीत नाही आणि सिद्धही करायचं नाही. एवढंच माहीत आहे की मी डाळीवरून भांडायला फोन केला होता. हिरुतला मी आभार कळवले. तिने लिहिलं, ‘मी फक्त माझं काम केलं. तुमच्यासाठी प्रार्थना करते.’

मित्र ठरल्या तारखेला गेले. घटस्थापनेच्या सकाळी मी देवघरासमोर बसलो, उपवास न करता. हात जोडले आणि सवयीने पुढचा वायदा जिभेवर आला: पुढच्या वर्षी नक्की. तो मी गिळला. आपल्या भाषेत नवसही कबूल करतात आणि गुन्हाही. पन्नास वर्षं मी पहिलंच करत आलो, कारण त्यात माणसाची मान ताठ राहते. तिला शरण जातो म्हणायचं आणि अटी आपणच घालायच्या, याची मला आता खरोखर चीड आहे, इतरांची नाही, माझी. त्या दिवशी मी मोठ्याने म्हणालो, “आई, माझ्याने चढवत नाही.” मी तसाच बसून राहिलो. छातीतली धडधड ऐकू येत होती, आणि ती माझ्या हातात नव्हती, कधीच नव्हती.

किती वेळ गेला कोण जाणे. पाठीमागून सुजाता म्हणाली, “ऐकलंय तिने. उठा आता, पायाला मुंग्या येतील.”